आधी कुणाचं भरू?

"ताई, तुम्हीच सांगा, आधी कुणाचं भरू?"

२०१२ च्या फेब्रुवारीतला हा फोन. मी तेव्हा पुण्यात येरवड्याला क्रेडिट कार्डाच्या वसुलीच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे थकलेली बिलं फोनवरून मागण्याच्या कामावर, बसत होते. माझ्याकडे बकेट दोन होतं, म्हणजे बिल थकून तीस दिवस उलटलेत पण साठ व्हायचेत असे ग्राहक. दिवसाला दीडशेच्या वर डायल, त्यातले तीस-पस्तीस जण खरोखर फोनवर यायचे. त्यांच्याकडून 'पीटीपी' घ्यायचा, म्हणजे अमुक तारखेला अमुक रक्कम भरतो असा शब्द. हा माणूस नाशिकचा. त्याच्यामागे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी येऊन गॅस बारीक केला. तो म्हणाला, "सकाळपासून हा चौथा फोन. जो तो म्हणतो आमचं आधी. पगार एकच आहे. तुम्ही रोज हेच बघता ना, मग सांगा, आधी कुणाचं भरू?"

उत्तर समोर स्क्रीनवर लिहिलेलं होतं, ते मी वाचून दाखवलं. सर, आज भरलंत तर रेकॉर्ड खराब होणार नाही. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी 'शब्द मिळाला नाही' असा शेरा टाकला आणि पुढचा नंबर घेतला. त्या संध्याकाळी पीएमपीच्या बसमध्ये उभी असताना माझ्या ध्यानात आलं की या प्रश्नाचं खरं उत्तर मला येतच नव्हतं. पाच वर्षं हेडसेट लावून काढली होती, त्यातली दोन वसुलीत. पण चार कर्जं असलेल्या माणसाने कुठलं आधी भरावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

आज दिवसभर मी हेच उत्तर देत असते. मी क्रेडिट कौन्सेलर आहे, म्हणजे कर्जात अडकलेल्यांना सल्ला देते. माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. माझं शिक्षण बारावी कॉमर्स, २००६, सोलापूर. पदवी नाही. गेल्या काही महिन्यांत गावाकडच्या ओळखीतून बऱ्याच मुलींचे फोन आले की ताई, आम्हाला असं काही जमेल का, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतेय.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. आप्पा यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. आजूबाजूला तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलल्या जायच्या, त्यामुळे माझी तेलुगू बोलण्यापुरती बरी आहे. ती पुढे कामाला आली. आई कारखान्यात विड्या द्यायला जायची तेव्हा मला सोबत न्यायची, कारण हिशोब मी ठेवायचे. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा. पान कमी पडलं तर ते बाजारातून विकत घ्यायचं, तेही वजा. हातात काय पडलं ते मी वहीत लिहायचे. माझं पहिलं अकाउंट्स तेच. ज्या वर्षी मी एफवायला प्रवेश घेतला त्याच वर्षी आप्पांच्या मालकाने निम्मे माग विकले. दुसरं सत्र भरायला पैसे नव्हते. मी थांबले, आणि २००७ च्या जूनमध्ये मावशीकडे पुण्याला आले.

तेव्हा मोबाइल कंपन्यांना मराठी बोलणारी माणसं हवी होती. जाहिरातीत 'बारावी पास, स्पष्ट मराठी' एवढंच होतं. पगार साडेपाच हजार. मुलाखतीत एका बाईंनी मला पेन देऊन विचारलं, हे मला विक. मला ते जमलं नाही. मग त्यांनी विचारलं, हे पेन चालत नाही म्हणून मी चिडून फोन केलाय, आता बोल. ते जमलं. मी लागले.

ग्राहक सेवेच्या त्या तीन वर्षांबद्दल लोक 'नुसतं फोन उचलणं' असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण मला जे येतं त्याचा पाया तिथे घातला गेला. होल्डवर टाकण्याआधी का टाकतेय आणि किती वेळ हे सांगायचं. माणूस चिडलेला असेल तर पहिली चाळीस सेकंदं मधे तोंड घालायचं नाही. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगायची, म्हणजे त्याला कळतं की ऐकलं गेलं. आणि कॉल संपला की शेरा असा लिहायचा, की उद्या दुसऱ्या कुणी फोन घेतला तर ग्राहकाला पहिल्यापासून सांगावं लागू नये. हे शेवटचं शंभरातल्या नव्वद जणांना आजही जमत नाही. मंगळवेढ्याच्या एका शेतकरी काकांचे तीस रुपये न मागितलेल्या कॉलर ट्यूनपोटी कापले गेले होते. मी ते परत मिळवून दिले. तरी ते फोन ठेवेनात. म्हणाले, "पैसे आले बाळा, पण मला न विचारता कापले कसे, ते सांग." मी त्यांना सांगितलं, कुठलं बटण दाबलं गेलं असेल, संदेश कुठे आला असेल, पुढे कसं थांबवायचं. अकरा मिनिटं लागली. आमची मर्यादा चार मिनिटांची होती, त्यामुळे त्या दिवशी माझे गुण कापले गेले. आमच्या टीएल, म्हणजे टीम लीडर, मॅडमनी मात्र तो कॉल नवीन बॅचला ऐकवला.

२०१० मध्ये वसुलीत गेले ती पैशांसाठी. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि तिथे इन्सेन्टिव्ह मिळायचा. वसुलीच्या कामाला आयआयबीएफची, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची, 'डीआरए', म्हणजे डेट रिकव्हरी एजंटची, परीक्षा असते. पदवीधरांना पन्नास तासांचं प्रशिक्षण, बाकीच्यांना शंभर तासांचं. मी शंभरवाली. पण त्या जादा पन्नास तासांनी मला खूप दिलं. व्याज रोजच्या बाकीवर कसं चढतं, नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादित, का होतं, तारण असलेलं कर्ज आणि नसलेलं कर्ज यांत कायद्याने काय फरक पडतो, वसुलीवाला काय करू शकतो आणि काय नाही. पदवीधर सहकारी निघून गेल्यावर आम्ही सात-आठ जण मागे बसायचो आणि सरांना शंका विचारायचो.

त्यानंतर दोन वर्षांनी तो नाशिकचा फोन आला. वसुलीच्या खुर्चीत बसून मी एक गोष्ट रोज पाहत होते. लोक आधी त्याचं भरतात जो सगळ्यात जास्त ओरडतो. आणि ओरडणं हेच आमचं काम होतं. सभ्य भाषेत, रेकॉर्डेड लाइनवर, पण तेच. घराचा हप्ता थकवून माणूस कार्डाचे मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरायचा, कारण घराच्या कर्जाची बँक पत्र पाठवत होती आणि आम्ही दिवसातून तीनदा फोन करत होतो. बँकेचं पत्र कपाटावर पडून राहायचं.

मी कागद घेऊन शिकायला लागले. आमच्याच कार्डाच्या बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात सगळं असतं, ते आधी वाचलं. पुण्यातच एका बँकेच्या कर्ज समुपदेशन केंद्रात शनिवारी जाऊन बसायचे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना अशी केंद्रं काढण्याची योजना दिली होती. तिथे निवृत्त बँक अधिकारी बसतात, सल्ला फुकट असतो, आणि गर्दी मुळीच नसते कारण लोकांना ते माहीत नाही. तिथल्या काकांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, तुमचं कर्ज किती? मी म्हटलं, कर्ज नाही, शिकायचंय. ते हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुढे सात-आठ महिने मी त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांना पाणी द्यायचे आणि ऐकायचे. त्यांच्या बोलण्याची पद्धत मी जशीच्या तशी उचलली आहे. कर्ज किती हे ते पहिल्यांदा कधीच विचारत नसत. पहिला प्रश्न असायचा, "घरात खाणारी तोंडं किती?"

२०१४ मध्ये एका छोट्या कर्ज सल्ला संस्थेत हेल्पडेस्कवर लागले. पगार वसुलीपेक्षा चार हजारांनी कमी. आईला पटलं नाही, मला पटलं होतं.

आता ते काम प्रत्यक्ष कसं असतं ते सांगते, कारण मुली सगळ्यात जास्त तेच विचारतात. २०२२ च्या दिवाळीआधी भोसरीहून एक जोडपं आलं. तो एमआयडीसीत फिटर, हातात येणारा पगार एकतीस हजार. ती घरी, दोन मुलं. मी एक कोरा कागद आडवा धरला आणि सहा रकाने आखले. देणं कुणाचं, बाकी किती, महिन्याला किती, व्याज काय दराने, हप्ते किती उरले, आणि शेवटचा रकाना मी स्वतः वाढवलेला आहे: थकलं तर काय जाईल.

कार्डाची बाकी ८६,०००. तो दर महिन्याला मिनिमम ४,३०० भरत होता, इमानदारीने, एकदाही न चुकता. मी त्याच्यासमोर मोबाइलवर गणित केलं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे व्याज ३,०१०. त्या व्याजावर जीएसटी अठरा टक्के, म्हणजे आणखी ५४२. एकूण ३,५५२. म्हणजे ४,३०० मधून बाकी कमी होते ७४८ रुपयांनी. त्याने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. ती म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष आपण..." आणि पुढे काही बोलली नाही. मी लगेच पुढच्या ओळीकडे गेले नाही. अशा वेळी थोडं थांबावं लागतं. कुणी पाणी पितं, कुणी खिडकीबाहेर बघतं.

मग बाकीचं लिहिलं. पर्सनल लोन ७,४००. दुचाकी ३,१५०, सात हप्ते बाकी. मोबाइल १,८५०, चार बाकी. आणि तीन लोन ॲप, मिळून महिन्याला ९,२००, बाकी ५२,०००. बेरीज २५,९००. एकतीस हजारांतून उरतात ५,१००, आणि खोलीभाडंच ६,५००. म्हणजे दर महिन्याला नवं ॲप उघडूनच जुन्याचा हप्ता जात होता. आणि ॲपवाले सगळ्यात जास्त ओरडत होते, म्हणून त्यांचं आधी जात होतं. या जोडप्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या लोकांना फोन गेले होते, तिच्या भावाला सुद्धा.

तिच्या हातात दोन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. तो विषय मी काढला नाही. असा विषय समुपदेशकाने काढायचा नसतो, असं मी मानते. मी फक्त एवढं लिहिलं की कार्डाचं व्याज वर्षाला बेचाळीस टक्के, बँकेच्या सोने तारण कर्जाचं त्या वेळी नऊच्या आसपास. कागद त्यांच्याकडे फिरवला आणि चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तेव्हा पाटल्या टेबलावर होत्या.

सोन्यावर पासष्ट हजार मिळाले. त्यातून तिन्ही ॲप बंद, तिन्हींकडून ना-देय पत्र लेखी घेतलं. उरलेले तेरा हजार कार्डात भरले, आणि कार्डाच्या राहिलेल्या ७३,००० चे बँकेला सांगून चोवीस हप्ते करून घेतले, दर अठरा टक्के, जीएसटी धरून महिन्याला पावणेचार हजारांच्या घरात. बँका हे करून देतात, पण आपण मागावं लागतं, आणि मग कार्ड बंद ठेवलेलं बरं. ते त्याने माझ्यासमोर कात्रीने कापलं. सोन्याचं व्याज महिन्याला पाचशेच्या आत. नवी बेरीज १६,६५०. भाडं जाऊन हातात पावणेआठ हजारांच्या वर. त्यात चौघांचं भागवणं सोपं नव्हतं. तिने दोन डबे सुरू केले. मोबाइलचे हप्ते संपले तसे ते पैसे सोन्याकडे, दुचाकीचे संपले तसे तेही सोन्याकडे. मधे मुलाचा हात मोडला आणि तीन महिने मागे पडले. पाटल्या सुटल्या २०२४ च्या पावसाळ्यात.

तर आधी कुणाचं भरू, याचं उत्तर आता मला येतं. आधी धान्य, भाडं, वीज, शाळेची फी. मग ज्याने घर किंवा पोटाचं साधन जाईल ते. रिक्षावाल्याची रिक्षा त्याच्या टीव्हीच्या हप्त्याआधी. मग ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते. ओरडणाऱ्याचा या क्रमाशी काही संबंध नाही. आणि ओरडण्यालाही आता वेळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन बंद केला, नातेवाइकांना त्रास देणं बंद केलं. हे मी प्रत्येकाला छापून देते. ज्यांच्या भावाला फोन गेलेला असतो ते तो कागद घडी करून पाकिटात ठेवतात.

या धंद्यात रोज शिकावं लागतं. पूर्वी सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, बघायचा म्हणजे पैसे मोजावे लागायचे. २०१७ पासून चारही कंपन्यांकडून, सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हायमार्क, वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढायचे, कारण एकात नसलेलं दुसऱ्यात सापडतं. चूक कळवून तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर २०२४ च्या एप्रिलपासून दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. 'सेटलमेंट', म्हणजे पूर्ण बाकीऐवजी कमी रकमेवर खातं मिटवणं, हा शब्द लोकांना गोड वाटतो. वसुलीत असताना मीही तो गोड आवाजात विकला आहे. त्या शब्दाने अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढे घराच्या कर्जाला माणूस गेला की तो शेरा आडवा येतो. ज्यांना मी तेव्हा तो विकला त्यांतले दोघं पुढे माझ्याकडे समुपदेशनाला आले. दोघांनाही मी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की तो आवाज माझा होता. एक उठून गेले. दुसरे आजही दसऱ्याला फोन करतात.

पदवीबद्दल आता सरळ बोलते. पदवी नसल्याने माझं नुकसान झालं आहे. २०१६ मध्ये एका मोठ्या संस्थेत सगळ्या फेऱ्या पार करून शेवटी 'पदवीधर असणे आवश्यक' या ओळीवर माझा अर्ज बाजूला पडला. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. सरकारी बँकेत क्लार्कचीसुद्धा थेट भरती पदवीशिवाय होत नाही. म्हणून कुणी विचारलं की मुक्त विद्यापीठातून करू का, तर मी म्हणते जरूर कर, नोकरी सांभाळून होतं. पण ती होईपर्यंत घरी थांबू नकोस. फोनवरची पहिली नोकरी, डीआरएचं प्रशिक्षण, चांगली मराठी, एक्सेलमध्ये बेरीज-वजाबाकी आणि व्याजाचं सूत्र, यावर माणूस आत येतो. मी आलेय, आणि माझ्या नऊ जणांतल्या पाच जणांकडे पदवी नाही.

त्या पाचांतली एक मुलगी अक्कलकोटची. तिला घेतलं तेव्हा मी विचारलं होतं, मिनिमम ड्यू म्हणजे काय, तुझ्या आत्याला समजेल असं सांग. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आत्या, घागर गळतीय. जितकं गळतं तितकंच पाणी तू रोज वरून ओततीस." एमबीए झालेल्या मुलाने तोच प्रश्न चार मिनिटं समजावला होता, आणि मलाच समजला नव्हता. कन्नड तिची घरची भाषा. गेल्या महिन्यात इंडीच्या एका ड्रायव्हरशी ती तासभर कन्नडमध्ये बोलली आणि शेवटी त्याने स्वतः सहा रकाने भरून फोटो पाठवला.

उद्या सकाळी पुन्हा मुलाखती आहेत. करमाळ्याहून एक मुलगी रात्रीच्या एसटीने निघतेय. संध्याकाळी तिचा फोन होता. मॅडम, फक्त बारावी आर्ट्स आहे, येऊ ना नक्की? मी म्हटलं, ये. मार्कशीट आण, आणि घरात कुणाचंही एखादं कर्ज असेल तर त्याचं पासबुक आण. त्यावरच बोलू.